वृत्तपत्राचा लोकपाल आणि न छापलेली बातमी

(देवर्षी नारद जयंतीच्या निमित्ताने बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील वाचकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



देवर्षी नारदांना आद्य पत्रकार मानून त्यांच्या जयंतीला पत्रकारितेचा विचार करण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. लोकमानसात नारदांची प्रतिमा ‘कळलाव्या’ अशी झाली असली, तरी श्रीमद्भागवताच्या प्रथम स्कंधातील नारद निराळेच आहेत. वेदांची विभागणी झाली, महाभारतासारखा ग्रंथ सिद्ध झाला, तरीही महर्षी व्यासांच्या मनाला समाधान नव्हते. सरस्वतीच्या तीरावर ते खिन्न बसलेले असताना नारद तेथे आले. त्यांनी व्यासांची भीड धरली नाही. एवढे विपुल लेखन करूनही भगवंताचे निर्मळ यश सांगावयाचे राहून गेले आहे, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सुनावले. व्यासांनी ते ऐकले आणि भागवताची निर्मिती झाली.

या कथेतील तीन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, दोष दाखविणारा हा लेखकाचा आश्रित नव्हता. दुसरी, त्याने मुख्यतः जे लिहावयाचे राहिले त्यावर बोट ठेवले. तिसरी, लेखकाने रुसून न बसता ते लिहून दाखविले.

वृत्तपत्राने आपल्याच कचेरीत नेमलेल्या टीकाकाराला पाश्चात्त्य देशांत ‘ओम्बुड्समन’ म्हणतात. इंग्रजी दैनिकांत त्याला ‘वाचक-संपादक’ असेही नाव आहे. आपल्या परिचयाच्या शब्दात सांगावयाचे, तर तो वृत्तपत्राचा लोकपाल. वाचकांच्या तक्रारी ऐकाव्यात, चूक झाली असेल तर ती जाहीरपणे दुरुस्त करवून घ्यावी आणि संपादकांनाही चार शब्द सुनवावेत, हे त्याचे काम. तो आपल्या वृत्तपत्राला खरोखर जाब विचारू शकतो काय, हा प्रश्न या तीन कसोट्यांवर घासून पाहिला पाहिजे.

निंबोडीची सभा

हा प्रश्न लंडन-न्यूयॉर्कचा आहे, मोरोपंतांच्या बारामतीला आणि उजनीच्या काठावरील इंदापूरला त्याचे काय, असे कोणाला वाटेल. पण या प्रश्नाची धग या दोन तालुक्यांइतकी फार थोड्या ठिकाणी जाणवली असेल.

६ एप्रिल २०१३ चा दिवस. महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत होता. उजनीचे पाणी मिळावे म्हणून सोलापूर जिल्ह्यातील शेतकरी कार्यकर्ते प्रभाकर देशमुख मुंबईच्या आझाद मैदानावर ५० हून अधिक दिवस उपोषणाला बसले होते. त्या दिवशी इंदापूर तालुक्यातील निंबोडी येथील सभेत तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी त्या उपोषणाची आणि कोरड्या पडलेल्या धरणाची ज्या शब्दांत थट्टा केली, ते शब्द येथे उच्चारण्याचे कारण नाही. महाराष्ट्राला ते ठाऊक आहेत. भाषणाची ध्वनिचित्रफीत वाहिन्यांवरून घरोघर पोहोचली. पवारांना क्षमा मागावी लागली. १४ एप्रिल रोजी कराड येथे यशवंतराव चव्हाण यांच्या समाधीपाशी बसून त्यांनी आत्मक्लेश केला आणि ही आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठी चूक असल्याची कबुली दिली.

सत्तेच्या शिखरावरील नेत्याला आठ दिवसांत जनतेपुढे नमावे लागले. लोकशाहीत असेच झाले पाहिजे. पण येथे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला असा की, एखाद्या दैनिकाने आपल्या चुकीसाठी अशा प्रकारे, सर्वांना दिसेल अशा जागी बसून आत्मक्लेश केल्याचे उदाहरण किती जणांना आठवते? दुसरा प्रश्न त्याहून गंभीर आहे. ती चित्रफीत नसती तर? एखाद्या बातमीदाराने ते शब्द गाळून केवळ विकासकामांची यादी दिली असती, तर निंबोडीच्या वाचकाने तक्रार कशाची करावयाची होती? छापलेले प्रत्येक वाक्य खरेच असते. चूक असती ती न छापलेल्या एका वाक्याची.

पुढच्याच वर्षी, लोकसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, बारामती तालुक्यातील मासाळवाडी येथे मतांसाठी पाणी तोडण्याची धमकी दिली गेल्याचा आरोप झाला. आम आदमी पक्षाचे उमेदवार सुरेश खोपडे यांनी तक्रार केली. एक ध्वनिफीत सर्वत्र पसरली. अजित पवार यांनी हा आरोप नाकारला. खरेखोटे ठरविणे हे न्यायसंस्थेचे काम आहे, व्याख्यात्याचे नव्हे. मात्र दोन्ही प्रसंगी गावातला शब्द गावाबाहेर जाऊन टिकला तो फितीमुळे, एवढे नोंदविणे आवश्यक आहे.

पश्चिमेचा अनुभव

वृत्तपत्रांच्या लोकपालाची कल्पना उदात्त आहे, यात शंका नाही. जपानमध्ये ‘असाही शिम्बुन’ने १९२२ मध्येच वाचकांच्या तक्रारींसाठी समिती नेमली होती. अमेरिकेत १९६७ मध्ये लुइव्हिल शहरातील दैनिकांनी पहिला लोकपाल नेमला. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने १९७० मध्ये तेच केले. ब्रिटनमध्ये ‘गार्डियन’ने १९९७ मध्ये इयान मेज यांना वाचक-संपादक केले आणि चुकांच्या दुरुस्तीसाठी रोजची ठरलेली जागा दिली. त्यांना पदावरून दूर करण्याचा अधिकार संपादकांकडे नव्हता, वृत्तपत्राची मालकी असलेल्या विश्वस्त संस्थेकडे होता. ही व्यवस्था महत्त्वाची आहे, कारण राखणदाराचे पोट ज्याच्या हातात असते, त्याच्याच शेतावर राखण करणे अवघड असते.

या लोकपालांनी काही कामगिरी निश्चितच केली. १९८१ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या जॅनेट कुक या बातमीदार महिलेने अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या आठ वर्षांच्या मुलाची हृदयद्रावक कथा लिहून पुलित्झर पारितोषिक मिळविले. तो मुलगा अस्तित्वातच नव्हता. पारितोषिक परत करावे लागले. तेव्हा त्या दैनिकाचे लोकपाल बिल ग्रीन यांनी सविस्तर चौकशी करून आपल्याच संपादकांची हलगर्जी त्याच दैनिकाच्या पानांवर मांडली. २००३ मध्ये जेसन ब्लेअर या बातमीदाराचे बनावट लेखन उघडकीस आल्यावर ‘न्यूयॉर्क टाइम्स’नेही असे पद निर्माण केले. पहिले लोकपाल डॅनियल ओक्रेंट यांनी २००४ मध्ये इराकमधील कथित संहारक शस्त्रांविषयीच्या आपल्या दैनिकाच्या वृत्तांकनावर कठोर टीका केली.

पण या उदाहरणांतच या पदाची मर्यादाही दिसते. बनावट मुलाची कथा छापून, गौरवून झाल्यावर चौकशी झाली. इराकवर आक्रमण होऊन वर्ष उलटल्यावर टीका झाली. लोकपाल हा शवविच्छेदन उत्तम करतो. रोग्याला वाचविणे त्याच्या हाती नसते. आणि शेवटी काय झाले? ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २०१३ मध्ये आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१७ मध्ये हे पद बंद केले. आता समाजमाध्यमांवरील वाचकच पहारेकरी आहेत, असे कारण ‘टाइम्स’च्या मालकांनी दिले. जगाला उत्तरदायित्वाचे धडे देणाऱ्या दोन दैनिकांनी स्वतःचा जाब विचारणारा माणूस घरी पाठविला, आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय कोणालाही नव्हती.

भारतातील प्रयोग

भारतात ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने १९८९ मध्ये माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांना लोकपाल नेमले. देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर बसलेली व्यक्ती या पदावर आली, तरीही तो प्रयोग रुजला नाही. ‘द हिंदू’ने मार्च २००६ मध्ये के. नारायणन यांना वाचक-संपादक नेमले. ‘गार्डियन’च्या धर्तीवर त्यांची कार्यकक्षा ठरविण्यात आली. दुरुस्त्यांची नियमित जागा आणि वाचक-संपादकाचा स्तंभ ही शिस्त त्या दैनिकाने पाळली, याचे श्रेय त्याच्या वैचारिक विरोधकांनीही दिले पाहिजे.

परंतु खरी कसोटी नावातील काना-मात्रेच्या दुरुस्तीने लागत नाही. ८ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याच दैनिकाने राफेल विमान खरेदीसंबंधी संरक्षण मंत्रालयातील एक टिपण छायाप्रतीसह प्रसिद्ध केले. त्या प्रतीत तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांचा शेरा नव्हता. अधिकाऱ्याच्या आक्षेपावर उत्तर म्हणून तो शेरा लिहिलेला होता. त्याच दिवशी एका वृत्तसंस्थेने संपूर्ण टिपण समोर आणले, तेव्हा वाचकांना तो शेरा दिसला. संपादकांनी आपली बाजू मांडली. ती पटणारे पटवून घेतील. पण ज्या दैनिकात तेव्हा वाचक-संपादक होता, त्याच्याही वाचकाला राहिलेली ओळ वाचावयास मिळाली ती बाहेरून, हे सत्य उरते. गोव्याच्या त्या प्रांजळ नेत्याचे पुढील महिन्यातच निधन झाले.

मराठी वृत्तसृष्टीत तर अशा पदाची परंपरा रुजलीच नाही. त्याचा परिणाम मार्च २०१६ मध्ये दिसला. मदर तेरेसा यांना संतपद मिळणार या निमित्ताने ‘लोकसत्ता’ने ‘असंतांचे संत’ हा अग्रलेख लिहिला आणि दुसऱ्याच दिवशी दिलगिरी व्यक्त करून तो मागे घेतला. छापलेला अग्रलेख मागे घेण्याचा असा प्रसंग मराठी पत्रकारितेत दुर्मीळच. अग्रलेखात तथ्याची चूक होती काय? असेल तर कोणती? नसेल तर तो मागे का घेतला? हिंदूंच्या श्रद्धास्थानांवर टीका झाली की अभिव्यक्तिस्वातंत्र्याची द्वाही फिरविली जाते. मग येथे दिलगिरी कशी, असे हिंदू वाचकाने विचारले, तर त्याचे काय चुकले? आणि ज्यांची मने त्या लेखाने दुखावली, त्या ख्रिस्ती वाचकांना तरी चूक नेमकी कोणती हे कळले काय? अग्रलेखाशी सहमत असलेला वाचक आणि त्याने दुखावलेला वाचक, दोघेही सारखेच अंधारात राहिले. खंबीर लोकपाल असता तर निदान कारणांची मांडणी झाली असती. तेव्हा हे पद निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. ते अपुरे आहे, इतकेच.

परिषदेचे दात

घरातील लोकपाल नसला, तरी देशात भारतीय वृत्तपत्र परिषद आहे, असे उत्तर दिले जाते. या परिषदेच्या इतिहासात पुण्याच्या वाचकांना अभिमान वाटावा असा एक धागा आहे. नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला. वृत्तपत्राने किती किमतीला किती पाने द्यावीत हे ठरविणारा आदेश केंद्र सरकारने १९६० मध्ये काढला, तेव्हा ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याच्यासोबत दोन वाचकांनीही स्वतंत्र याचिका केल्या होत्या. १९६१ मध्ये न्यायालयाने तो आदेश घटनाबाह्य ठरविला. तो ऐतिहासिक निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जे. आर. मुधोळकर हेच पुढे १९६६ मध्ये वृत्तपत्र परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले. ज्याने वृत्तपत्राला सरकारच्या हातून सोडविले, त्यानेच वृत्तपत्राला समाजापुढे उत्तरदायी करण्याचे काम हाती घ्यावे, यात मोठे औचित्य होते.

पुढे काय झाले, हे आणीबाणी भोगलेल्या पिढीला सांगावयास नको. जून १९७५ मध्ये राष्ट्रीय विचारांच्या वृत्तपत्रांना टाळे लागले, ‘मदरलँड’चे संपादक के. आर. मलकानी यांना तुरुंगात टाकण्यात आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात इंदिरा गांधींच्या सरकारने वटहुकूम काढून परिषदच मोडीत काढली. जेव्हा तिची सर्वाधिक आवश्यकता होती, तेव्हाच ती नव्हती. १९७८ च्या कायद्याने ती पुन्हा उभी राहिली. पण ती ताकीद देऊ शकते, कानउघाडणी करू शकते, निषेध नोंदवू शकते. दंड करू शकत नाही. अध्यक्षांखेरीज २८ सदस्यांपैकी ६ जण वृत्तपत्रांच्या मालक-व्यवस्थापकांचे प्रतिनिधी असतात.

या रचनेचा अर्थ २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर उघड झाला. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा, शब्दशः सारखाच मजकूर एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून आल्याचे पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून दाखवून दिले. वृत्तपत्रीय जाहिरातींवरील चव्हाणांचा घोषित खर्च होता केवळ ५,३७९ रुपये. प्रकरण निवडणूक आयोगापर्यंत आणि न्यायालयांपर्यंत गेले. २०१४ मध्ये आयोगाने त्यांच्याविरुद्ध दिलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. चव्हाण पुढे २०२४ मध्ये भारतीय जनता पक्षात आले. पण प्रश्न व्यक्तीचा वा पक्षाचा नव्हताच, विकल्या गेलेल्या जागेचा होता, म्हणून तो आजही तेवढाच बोचला पाहिजे.

वृत्तपत्र परिषदेने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोन सदस्यांना ‘पेड न्यूज’च्या चौकशीचे काम दिले. त्यांनी वृत्तपत्रांच्या नावांसह ७१ पानांचा अहवाल दिला. ३० जुलै २०१० रोजी परिषदेने काय केले? नावे असलेला तो अहवाल बाजूला ठेवून एक संक्षिप्त अहवाल स्वीकारला. पूर्ण अहवाल लोकांपुढे आला तो माहितीच्या अधिकाराचा आधार घेतल्यावर, केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशाने, २०११ मध्ये. वृत्तपत्रांना जाब विचारणाऱ्या संस्थेनेच आपल्या अहवालातील मुख्य भाग छापला नाही!

मग सरकारनेच चाबूक हाती घ्यावा काय? २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी डिजिटल वृत्तप्रकाशकांना तक्रार निवारण अधिकारी नेमण्यास आणि १५ दिवसांत तक्रारीचा निर्णय देण्यास सांगितले. आचारसंहितेच्या पालनाची सक्ती करणाऱ्या तरतुदींना मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी स्थगिती दिली. सत्तेवर आपल्या विचाराचे लोक असताना सरकारी अंकुश गोड वाटतो. पण सरकारे बदलतात आणि अंकुश तसाच राहतो. १९७५ चा अनुभव असलेल्या संघटनेला हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

कारखान्याचा काटा

बारामती-इंदापूरच्या ऊस उत्पादकाला हा सारा विषय एका वाक्यात समजेल. वृत्तपत्राने नेमलेला लोकपाल म्हणजे कारखान्याच्या आवारातील वजनकाटा. काटा असलाच पाहिजे. काट्याशिवाय ऊस घालणे म्हणजे डोळे मिटून व्यवहार करणे. पण काटा कारखान्याचा, काट्यावरचा माणूस कारखान्याचा आणि पावतीही कारखान्याची असेल, तर शेतकऱ्याला बाहेरच्या काट्यावर वजन करून पाहण्याची मुभा हवी. ती असेल तर आतला काटाही सरळ चालतो.

शिवाय काटा कितीही बिनचूक असला, तरी तो तोडून आणलेल्या उसाचे वजन करतो. तोड न मिळाल्याने शेतात उभा राहिलेला, तुरा येऊन वाळलेला ऊस काट्यावर येतच नाही. वृत्तपत्राचा लोकपाल छापलेल्या मजकुराचे वजन करतो. न छापलेली बातमी हा उभा ऊस आहे. त्याची पावती कोणी देत नाही.

तालुक्याच्या वाचकाची व्यथा नेमकी हीच असते. आवृत्त्यांच्या पद्धतीने प्रत्येक तालुक्याला स्वतःचे पान मिळाले. पण त्या पानावरचे दुःख बहुधा त्याच पानावर राहते. उजनीचेच पाहा. मे २०२२ मध्ये लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेला सुमारे ३४८ कोटी रुपयांची मान्यता मिळाली. इंदापूर आणि बारामतीच्या कोरड्या गावांना तो दिलासा होता. सोलापूर जिल्ह्यात मात्र आपले पाणी पळविले जात असल्याच्या भावनेने आंदोलने झाली. दोन्ही बाजूंचे शेतकरी हिंदू समाजाचेच घटक, दोघेही विठ्ठलाचे वारकरी. तुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असा मुक्काम करीत सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. वारीच्या वाटेवर सीमा नाही. पाण्याच्या बातमीत मात्र सीमा पडली, तर एका काठाच्या वाचकाला दुसऱ्या काठाचे म्हणणे कळणार कसे? एकमेकांचे म्हणणे न वाचलेला समाज लवकर फुटतो. बातमी गाळली जाते तेव्हा केवळ वाचकाची फसवणूक होत नाही, समाजाच्या एकत्वालाही तडा जातो.

त्यात मालकीचा प्रश्न येतो. ‘सकाळ’ १९८५ मध्ये पवार कुटुंबाकडे आला. प्रतापराव पवार हे शरद पवार यांचे बंधू. दर्डा कुटुंबाच्या ‘लोकमत’चे काँग्रेसशी असलेले नाते, ‘सामना’चे शिवसेनेशी असलेले नाते, ‘तरुण भारत’ची संघविचारांची परंपरा या गोष्टीही सर्वश्रुत आहेत. मालकी ठाऊक असणे म्हणजे पक्षपात सिद्ध होणे नव्हे, आणि तसा सरसकट आरोप करणे अन्यायाचे होईल. यांतील अनेक दैनिकांच्या बातमीदारांनी तुटपुंज्या मानधनावर गावोगावचे भ्रष्टाचार उजेडात आणले आहेत. परंतु ज्या बातमीदाराला वाढदिवसाच्या पुरवणीसाठी पुढाऱ्याकडून जाहिरात आणावी लागते, त्यानेच त्या पुढाऱ्याच्या संस्थेविषयी कठोर बातमी द्यावी, ही अपेक्षा त्याच्यावर फार मोठा भार टाकते. मुख्य कचेरीतील लोकपाल हा भार हलका करू शकत नाही.

बाहेरचा काटा कोणता?

बाहेरचा काटा म्हणजे जागरूक वाचक. १९६१ मध्ये वृत्तपत्राच्या स्वातंत्र्यासाठी दोन वाचक सर्वोच्च न्यायालयात गेले. वृत्तपत्राच्या उत्तरदायित्वासाठी प्रत्येक गावात दोन वाचक उभे राहणे अशक्य नाही.

त्यासाठी मोर्चा नको, कचेरीवर दगड तर मुळीच नको. धमकीने घेतलेली माफी ही माफी नसते. भिऊन गाळलेली बातमी ही पुढच्या गाळणुकीची सुरुवात असते. काम साधे आहे. गावच्या वाचनालयात एक कात्रणवही असावी. डाव्या पानावर छापलेली बातमी, उजव्या पानावर प्रत्यक्ष पाहिलेली हकीकत. ग्रामसभा झाली, माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती वा कर्मयोगी कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली, की तेथे हजर असलेल्या सभासदांनी कोणते प्रश्न विचारले गेले आणि कोणती उत्तरे मिळाली हे टिपून ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशीचे दैनिक त्याशेजारी चिकटवावे. वर्षभरात ही वही जे दाखवील, ते कोणताही लोकपाल दाखवू शकणार नाही.

चूक आढळली तर प्रथम संपादकांना सभ्य भाषेत, दिनांक आणि पान नमूद करून पत्र लिहावे. दखल न घेतली गेल्यास दैनिकाच्या वा साप्ताहिकाच्या मजकुराविषयी प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही. परिषदेचे दात बोथट असले, तरी तिची नोंद कायम राहते. आणि पत्र केवळ चुकीचे छापले म्हणून लिहू नये. अमुक दिवशी अमुक घडले, ते का छापले नाही, हेही विचारावे.

येथे एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. ही कात्रणवही केवळ विरोधी विचारांच्या दैनिकांसाठी ठेवली, तर ती वही राहणार नाही, हत्यार होईल. राष्ट्रीय विचारांच्या नियतकालिकांनाही हाच काटा लागू आहे. आपल्या विचाराच्या नेत्याचे अशोभनीय शब्द आपल्या पानांवर आले काय? आपण छापलेली माहिती चुकीची निघाली, तेव्हा दुरुस्ती पहिल्या पानावर केली की कोपऱ्यात? लोकमान्य टिळक आणि आगरकर यांनी कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध जी पत्रे विश्वासाने छापली, ती बनावट निघाली. १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. हेतू शुद्ध होता, कोल्हापूरच्या छत्रपतींविषयीचा कळवळा खरा होता. तरीही छापलेले खोटे होते आणि त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. त्यामुळे ‘केसरी’ची विश्वासार्हता बुडाली नाही, वाढली. चूक कबूल करणाऱ्यावरच समाज पुढे विश्वास ठेवतो, हा त्या १०१ दिवसांचा धडा आहे.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे. वृत्तपत्राचा लोकपाल उपयुक्त आहे. मराठी दैनिकांनी तो नेमावा, त्याला ठरलेली जागा द्यावी आणि त्याला दूर करण्याचा अधिकार संपादक वा मालक यांच्या एकट्याच्या हाती ठेवू नये. पण तो आपल्या वृत्तपत्राला पूर्ण जाब विचारील, अशी आशा बाळगून वाचकाने निश्चिंत राहू नये. नारदांच्या तीन कसोट्यांपैकी पहिलीवर तो अर्धाच उतरतो, कारण तो आश्रित असतो. दुसरीवर तो क्वचितच उतरतो. तिसरी तर त्याच्या हातातच नसते. ऐकावयाचे की नाही हे व्यासांनी ठरवावयाचे असते.

इंदापूर तालुक्यात पळसदेवचे प्राचीन मंदिर उजनीच्या पाण्यात गेले. वर्षानुवर्षे तेथे पाणीच दिसते. दुष्काळ पडतो, पाणी उतरते, आणि मंदिर जसेच्या तसे उभे असलेले दिसते. दडविलेली बातमीही अशीच असते. ती बुडते, नाहीशी होत नाही. पण समाजाने दुष्काळाची वाट का पाहावी? पाण्याखाली काय आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी ते शांतपणे, पुराव्यानिशी सांगत राहावे. देवर्षींच्या जयंतीला वीणेचे पूजन होईल. त्याबरोबर गावोगावच्या वाचनालयांत एकेक कात्रणवही उघडली गेली, तर नारदांचे खरे स्मरण झाले असे म्हणता येईल.